मुंबईच्या एका गल्लीवर पाच मिनिटांची फिल्म कशी करायची

मुंबईवर माहितीपट करायचा म्हटलं की विद्यार्थ्यांच्या यादीत तीच नावं येतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, धारावी, डबेवाले. कॉलेजातल्या मुलामुलींबरोबर असे छोटे माहितीपट करताना मी सगळ्यात आधी ती यादी बाजूला ठेवायला लावते. या जागांवर इतकं चित्रीकरण झालंय की दुसऱ्याने काढलेलं चित्र तुमच्या डोळ्यांत आधीच बसलेलं असतं, आणि नकळत तुम्ही तेच पुन्हा काढता. मग मी विचारते: घरापासून चालत किंवा एका बसने जाता येईल अशी कुठली जागा तुम्हाला माहीत आहे, जिथे रोज ठरलेल्या वेळी काहीतरी काम चालतं?

तेव्हा खरी उत्तरं येतात. दादर स्टेशनाबाहेर पहाटे भरणारा फुलबाजार. ससून डॉकवरचा मासळीचा लिलाव. वरळी कोळीवाड्यात दारात बसून जाळं सांधणारे आजोबा. लालबागच्या मिरची गल्लीतली मसाल्याची कांडपं. हे शेवटचं उदाहरण मी या लेखात सोबत ठेवणार आहे, कारण आमच्या एका गटाने त्यावर पाच मिनिटांची फिल्म केली आणि नवख्यांना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यांना आल्या.

विषय कसा ठरवायचा

'लालबाग' हा विषय होत नाही, तो अख्खा मुलूख आहे. 'मिरची गल्ली' म्हटलं की जागा ठरली. 'वर्षाचा मसाला कुटून घ्यायला मिरची गल्लीत येणाऱ्या बायका' म्हटलं की विषय हाताला लागला, कारण आता त्यात माणसं आणि काम दोन्ही आहे. मिरची निवडायची, देठ काढायचे, ऊन दाखवायचं, धणे-दगडफूल-नागकेशर भाजायचं, डंखात (मसाला कुटायच्या यंत्रात) कुटायचं, चाळायचं, डब्यात दाबून भरायचं. या कामाला स्वतःची सुरुवात आणि शेवट आहे, म्हणून तुमच्या फिल्मलाही तो फुकट मिळतो.

हे शहर पडद्यावर यायला लागलं तेही असंच. १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, विलायतेहून मागवलेला कॅमेरा घेऊन हँगिंग गार्डनमध्ये गेले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांत ते गणलं जातं. मलबार हिलसारख्या देखण्या टेकडीवर जाऊन सावेदादांनी कॅमेरा लावला तो तिथे चाललेल्या कुस्तीवर. मी हे प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी सांगते.

काम धरलं की इतिहास मागोमाग येतो. आमच्या मुलींनी एका आजींना विचारलं, "तुम्ही मालवणीच मसाला का करता?" आजी सासूबाईंपासून सुरू झाल्या. सासरे कोकणातून येऊन गिरणीत कसे लागले, भोंगा झाला की गल्ली कशी भरून वाहायची, शेजारच्या खोलीतल्या घाटावरच्या बाईचा मसाला कसा वेगळा असायचा, असं करत करत त्या संपापर्यंत पोचल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. हा आकडा निवेदनात टाकायचा असेल तर आजींच्या बोलण्यानंतर टाका. तोवर बघणाऱ्याला त्या अडीच लाखांतलं एक घर माहीत झालेलं असतं.

विषयाच्या जोडीला एक प्रश्न हवा, आणि एकच हवा. आमचा होता: पाकिटातला मसाला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असताना, डोंबिवली-विरारला राहायला गेलेल्या बायका पिशव्या घेऊन लोकलने पुन्हा लालबागला का येतात? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एडिटिंगला बसल्यावर कुठला शॉट ठेवायचा आणि कुठला काढायचा हे त्यावरून ठरतं.

हंगामही बघा. मसाल्याची धांदल मार्च ते मे. जून-जुलैत मासेमारी बंदीच्या काळात ससून डॉकवर जाल तर फिल्म होईल ती बंदी काळातल्या डॉकची, लिलावाची नव्हे. तीही करण्यासारखी आहे, फक्त आधी माहीत असू द्या. गणपतीच्या मूर्तिशाळांत जायचं तर पाद्यपूजनापासून रंगकामापर्यंत दोन-तीन महिने फेऱ्या माराव्या लागतील. आणि रविवारी शूट ठरवताना मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहूनच सगळ्यांना वेळ द्या.

आधी दोन फेऱ्या, कॅमेऱ्याशिवाय

या पायरीवर मी अजिबात सूट देत नाही. किमान दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी, आणि फोन खिशात ठेवा. चहा घ्या, बसा, बघा, वहीत वेळेसकट लिहा. आमच्या गटातल्या एका मुलीच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

"९.२० – ऊन समोरच्या पत्र्यावरून गल्लीत उतरतं. मिरचीच्या पोत्यांवर पडतं, फार छान दिसतं. १०.०५ – डंख सुरू. जमिनीला हादरे बसतात. १०.४० – मालक फक्त फोनवर. मोजमाप बघणारे काका सगळ्या बायकांना नावाने ओळखतात. १.३० – डंख बंद. जेवण. सव्वादोनपर्यंत गल्ली शांत."

या चार ओळींत अख्खं शूटिंग ठरलं. उन्हातली मिरची सकाळी साडेनऊच्या आत टिपायची, मुलाखत दीड ते सव्वादोनमध्ये करायची, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते मालक नव्हेत, काटा सांभाळणारे काका.

दुसऱ्या फेरीत ओळख काढा. मावशी, काका, आजी म्हणून हाक मारा, कुठल्या कॉलेजचे ते सांगा, कशासाठी करताय ते सांगा. एखाद्या कामाला हात लावा. देठ काढायला बसलेल्या मुलींशी बायका जितक्या मोकळेपणाने बोलल्या, तितक्या समोर उभं राहून प्रश्न विचारणाऱ्यांशी बोलल्या नसत्या.

वाचन याच काळात उरकायचं. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिकचं ग्रंथालय आहे. जुनी मुंबई मराठी शब्दांत बघायची तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ सालचं 'मुंबईचे वर्णन' चाळा. त्यातले रस्ते आणि बाजार वाचून आजच्या गल्लीत गेलात तर बारीकसारीक गोष्टी डोळ्यांत भरतात.

वस्तीत ऐकलेली आणि मोबाइलवर फिरणारी माहिती तशीच निवेदनात घालू नका. बीडीडी चाळी गिरणीमालकांनी बांधल्या असं मुलं हटकून लिहून आणतात. त्या सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या, नावातच ते खातं आहे. ऐकलेली आठवण सांगणाऱ्याच्या तोंडी राहू द्या, पण तुमच्या आवाजात जे जाईल ते दोन ठिकाणी ताडून घ्या.

परवानग्या

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात विद्यार्थ्यांची नावं, जागा, तारखा, मार्गदर्शक शिक्षकांचा फोन आणि 'व्यावसायिक वापर नाही' ही ओळ असू द्या. चार प्रती काढा. गल्ली-चाळीत जायचं तर चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना किंवा मंडळाच्या अध्यक्षांना आधी भेटा. तिथे कागदापेक्षा भेटीला जास्त किंमत आहे.

रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे फलाट, पूल आणि डबा सगळीकडे, चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करा आणि उत्तर यायला वेळ लागेल हे धरून चाला. आमच्या एका गटाला पत्राशिवाय फलाटावर ट्रायपॉड लावल्याबद्दल थांबवलं होतं, आणि अख्खी सकाळ गेली. ससून डॉक बंदराच्या हद्दीत येतं, तिथे बंदर प्रशासनाला विचारा. कान्हेरी आणि घारापुरी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याला तिथे सहसा अडचण येत नाही, पण ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. सार्वजनिक रस्त्यावर मोठा फौजफाटा घेऊन शूट करायचं असेल तर गोरेगावच्या फिल्मसिटीतल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. चार मुलं आणि एक फोन असेल तर तेवढी वेळ येत नाही, तरी जवळच्या पोलीस चौकीत पत्राची एक प्रत देऊन या. कुलाब्याच्या बाजूला नौदलाच्या भिंतींकडे कॅमेरा वळवू नका. आणि ड्रोनचा विचार सोडून द्या. मुंबईच्या बहुतेक भागात त्यावर निर्बंध आहेत, शिवाय गल्लीची फिल्म जमिनीवरूनच चांगली होते.

माणसांची परवानगी वेगळी. ज्यांच्याशी सविस्तर बोलणार त्यांच्याकडून "हे चित्रीकरण कॉलेजच्या फिल्मसाठी वापरायला माझी हरकत नाही" एवढं कॅमेऱ्यासमोर बोलून घ्या. लहान मूल असेल तर आईवडिलांना विचारा. कोणी पदर पुढे ओढला, तोंड फिरवलं, तर तो नकार समजा आणि कॅमेरा खाली करा. नंतर एडिटमध्ये बघू, असं म्हणू नका.

साधनं आणि फोनची जुळणी

एक बरा फोन, कॉलरला लावायचा माइक, साधा ट्रायपॉड, पॉवर बँक, लेन्स पुसायला मऊ सुती कापड. एवढ्यात होतं. मिरची गल्लीत हे कापड दर दहा मिनिटांनी लागतं, आणि तोंडाला बांधायला प्रत्येकी एक रुमाल.

चौघांचा गट सगळ्यात सोयीचा. एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक प्रश्न विचारायला, एक नोंदी आणि वेळ बघायला.

फोन आडवा धरा. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन उत्तराच्या वेळी रिंग वाजते. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे फोनच्या नेहमीच्या ३० वर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे किंवा लुकलुक येऊ शकते. आत, ट्यूबलाइटमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा, उन्हात ऑटोवर सोडा. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप घ्या. फोकस आणि उजेड पडद्यावर बोट दाबून लॉक करा, म्हणजे कोणी मधून गेलं की चित्र एकदम काळवंडणार नाही.

फुल एचडी पुरेसं आहे. मिनिटाला साधारण १०० एमबी धरा, म्हणजे तासभराचं शूट सहा-सात जीबीत बसतं. निघण्याआधी फोन रिकामा करा आणि घरी पोचलात की झोपायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी करा.

आवाज

फिल्म बिघडते ती बहुतेक वेळा आवाजाने. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, शब्द कळला नाही तर बघणं सोडून देतात. आणि मुंबईत शांत जागा शोधून सापडत नाही.

आमच्या गटाने पहिल्या दिवशी काटा सांभाळणाऱ्या काकांची चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली, डंखापासून हातभर अंतरावर, फोनच्याच माइकवर. काका फार सुंदर बोलले होते. घरी येऊन ऐकलं तर धाड धाड धाड, आणि त्याखाली कुठेतरी एक आवाज. एकही वाक्य वापरता आलं नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर काकांनी तेच सांगितलं, पण पहिल्यांदा बायकोबद्दल सांगताना ते जसे थांबले होते, तसे पुन्हा थांबले नाहीत. ते आपलं कायमचं गेलं.

म्हणून मुलाखत आणि कामाचा आवाज वेगवेगळे घ्या. मुलाखत शांत वेळेत, पंखा बंद करून, माइक छातीपासून वीतभर अंतरावर लावून. आवाज बघणाऱ्याने कानात हेडफोन घालून सतत ऐकायचं आणि लोकल, हॉर्न किंवा कुकरची शिट्टी मध्ये आली की नम्रपणे म्हणायचं, "काका, एवढं वाक्य परत सांगाल?" दुसरा माइक नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डरवर टाकून समोरच्याच्या वरच्या खिशात ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, ती नंतर चित्र आणि आवाज जुळवायला उपयोगी पडते. प्रत्येक जागी कोणीही न बोलता तीस सेकंद नुसती जागा रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली पोकळी त्यानेच भरते.

मग डंख सुरू झाला की त्याच्यापाशी माइक न्या आणि तो आवाज भरपूर घ्या. आधी लांबून, मग दारातून, मग अगदी जवळून. पितळी काट्याची टण, चाळणीची सळसळ, कोणाचं तरी शिंकणं. हे आवाज असतील तर फिल्मला पार्श्वसंगीत शोधत बसावं लागत नाही.

काय आणि किती टिपायचं

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद, कॅमेरा न हलवता. नव्या माणसाचा हात सारखा डावीकडून उजवीकडे फिरतो. तो आवरा, हलायचं ते फ्रेममधल्या माणसांनी. एकाच कामाचे पाच शॉट घ्या: गल्लीसकट सगळं दृश्य, काम करणारं माणूस, त्याचे हात, त्याचा चेहरा, आणि तो जे बघतोय ते. देठ मोडताना अंगठ्याच्या नखात बसलेला लाल रंग आमच्या फिल्ममध्ये चार सेकंदच आहे, पण फिल्म बघितलेला प्रत्येक जण त्याबद्दल बोलतो.

पाच मिनिटांच्या फिल्मसाठी तास-दीड तासाचं चित्रीकरण बास. पाच तासांचं घेतलंत तर ते बघायलाच आठवडा जातो.

मुलाखत

समोरच्याच्या उंचीवर बसा. आजी पाटावर असतील तर तुम्ही जमिनीवर. "तुम्हाला कसं वाटतं?" असं विचारलं की "बरं वाटतं" हे उत्तर येतं आणि गप्पा तिथेच खुंटतात. "आज किती वाजता निघालात घरून?" विचारा. "पिशवीत काय काय आणलंत?" विचारा. "सासूबाईंचा मसाला पहिल्यांदा बिघडला तेव्हा काय झालं?" विचारा. तारीख, वेळ, वस्तू, प्रसंग याच्या मागे लागा.

तुमचा प्रश्न फिल्ममध्ये राहणार नसेल तर उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची विनंती आधीच करा. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात पाच आकडे मोजा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या पाच आकड्यांत येते.

आणि बोली बदलायला लावू नका. कॅमेरा बघितला की माणसं 'शुद्ध' बोलायचा प्रयत्न करतात, अवघडतात. आमच्या आजी दहा मिनिटं तशाच बोलत होत्या. गटातल्या एका मुलीने मालवणीत एक प्रश्न विचारला आणि आजी म्हणाल्या, "सासूनं शिकवल्यान तसाच करतंय." तिथून पुढचं सगळं आम्ही वापरलं, त्याआधीचं काहीच नाही.

एडिटिंग

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी सगळ्या मुलाखती वेळेसकट लिहून काढा. कंटाळवाणं आहे, पण यानेच फिल्म सापडते. कामाची वाक्यं अधोरेखित करा, कागदाच्या पट्ट्या कापा, जमिनीवर पसरून क्रम लावा. तो क्रम वाचताना गोष्ट कळली की मग सॉफ्टवेअर उघडा. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, जुन्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह हलकं चालतं.

पहिली वीस सेकंद फार मोलाची असतात. तिथे शहराचा इतिहास किंवा नावांची पाटी नको. आमची फिल्म काळ्या पडद्यावर नुसत्या डंखाच्या आवाजाने सुरू होते, मग लाल धूळ, मग आजींचे हात.

निवेदन शक्य तेवढं कमी ठेवा. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलले जातात, तेव्हा पाच मिनिटांच्या फिल्मला दीडशे शब्दांवर लिहू नका. चित्रात दिसतंय ते निवेदनात सांगू नका.

सिनेमातली गाणी वापरायची नाहीत, हक्काच्या तक्रारीने फिल्म उतरवली जाते. जुना फोटो वापरायचा असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. कोणाच्या घरच्या अल्बममधला असेल तर विचारून घ्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. मराठी फिल्मलाही मराठी सबटायटल द्या. गोंगाटात बघणाऱ्याला आणि कमी ऐकू येणाऱ्याला ती लागतात. एका वेळी दोनच ओळी, आणि मालवणी शब्द मालवणीच ठेवा.

आधी गल्लीत दाखवा

फिल्म कॉलेजात किंवा यूट्यूबवर जाण्याआधी ज्यांची आहे त्यांना दाखवा. आम्ही एका मंडळाच्या खोलीत लॅपटॉप ठेवून दाखवली, पंधरा-वीस जण आले होते. तिसऱ्या मिनिटाला आजींनी पडद्याकडे बोट केलं. पोत्यावर आम्ही 'काश्मिरी' असं नाव टाकलं होतं आणि ती होती बेडगी. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी संकेश्वरी, हे त्यांनी मुलाखतीत सांगितलेलंही होतं, आम्हीच नोंद चुकवली. काटेवाल्या काकांनी त्यांच्या मुलाच्या नोकरीबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. आम्ही पाटी दुरुस्त केली, वाक्य काढलं, आणि त्या रात्री फिल्म नव्याने एक्सपोर्ट केली.

म्हणून शेवटची प्रत या दाखवण्यानंतरच काढा. कॉलेजची तारीख असेल तर त्याआधी आठ दिवस हातात ठेवा. ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला फिल्म पोचवा. आजींकडे साधा फोन होता, पण नातवाने सांगितलं की त्यांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो, तेव्हा आम्ही त्यात भरून घरी नेऊन दिली.